झिलईकाम, मोटारगाडीच्या रंगलेपाचे

मोटारगाडीच्या बाह्य पृष्ठावरील रंगलेपात कालांतराने उमटणारे केसासारखे बारीक ओरखडे, धूसरपणा व निस्तेजपणा हे दोष यंत्राने घासून नाहीसे करण्याच्या क्रियेस रंगलेपाचे झिलईकाम म्हणतात. दुरुस्ती कारखान्यांत हे काम ‘रबिंग-पॉलिश’ वा ‘बफिंग’ या नावांनी ओळखले जाते. झिलई म्हणजे पृष्ठावर काही तरी चढविणे, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. मेण लावण्याच्या बाबतीत ती खरी आहे. झिलईकामात मात्र पृष्ठाचा अतिशय पातळ थर कायमचा काढून टाकला जातो. म्हणजेच चकाकी ही लेपाच्या जाडीतून खर्च करून मिळते. किती जाडी खर्च करणे परवडेल, हे त्या त्या काळी वापरात असलेल्या लेपावर अवलंबून राहिल्याने या कसबाचा इतिहास मुख्यतः मोटारींच्या लेपांत होत गेलेल्या बदलांचा इतिहास आहे.

संज्ञा व पूर्वपीठिका : ‘झिलई’ (‘जिल्हई’) हा शब्द अरबी ‘जिला’ (तेज) या शब्दापासून आलेला आहे. मराठीत त्याच्या जोडीला ‘शिकल’ व ‘घोटणे’ हे दोन शब्द पूर्वीपासून रूढ असून त्यांतील भेद प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. घोटण्याच्या क्रियेत गुळगुळीत दगड वा अकीक दाबून फिरवितात व त्यामुळे पृष्ठावरील उंचवटे जागच्या जागी दबतात. द्रव्य निघून जात नाही. दप्तरांसाठी वापरला जाणारा घोटीव कागद आणि चुन्याच्या घोटीव भिंती ही त्याची परिचित उदाहरणे होत. शिकल करताना कठीण चूर्णाने पृष्ठ घासले जाते व त्याचा अंश निघून जातो. तलवारी, कट्यारी व इतर शस्त्रे यांना शिकल करणाऱ्या कारागिरांना शिकलगार म्हणत. पश्चिम व दक्षिण महाराष्ट्रात ते आडनाव आजही आढळते.

शिकलीसाठी कुरुंदाची पूड वितळलेल्या लाखेत मिसळून तयार केलेले चाक वापरीत. चामड्याची वादी आसाभोवती गुंडाळून एक जण ती आळीपाळीने ओढी व दुसरा फिरत्या चाकावर पाते धरी. कुरुंद म्हणजेच संस्कृतातील कुरुविंद होय. या खनिजाचे आजचे आंतरराष्ट्रीय नाव दक्षिण भारतीय भाषांतील ‘कुरुंदम्’ या शब्दावरून पडले आहे. रासायनिक दृष्ट्या हे खनिज म्हणजे स्फटिकी ॲल्युमिनियम ऑक्साइड असून मोटारींच्या आधुनिक झिलई मिश्रणांतही मुख्य घटक हाच, पण कृत्रिम रीत्या तयार केलेला असतो. खंडेनवमीला शस्त्रे उजळून त्यांची पूजा करण्याचा प्रघात होता. त्याच सणाच्या सुमारास आता मोटारी धुऊन, झिलई करून पुजल्या जातात. यांत साधने बदललेली असली, तरी अपघर्षकाने (घासून झिजविणाऱ्या कठीण पदार्थाने) पृष्ठ उजळण्याचे तत्त्व तेच राहिले आहे.

तत्त्व : झिलईने पृष्ठ का चमकते, याविषयी शास्त्रज्ञांत दीर्घकाळ मतभेद होते. न्यूटन यांनी १७०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रकाशविषयक ग्रंथात असे मत मांडले होते, की घासण्याने काचेवरील ओबडधोबडपणा नाहीसा होत नाही. तो फक्त डोळ्यांना दिसू नये इतका बारीक होतो. विसाव्या शतकाच्या आरंभी जॉर्ज बेल्बी यांनी याउलट, झिलई करताना पृष्ठावरील द्रव्य द्रवाप्रमाणे वाहून खाचा भरते, असे प्रतिपादन केले. फ्रँक फिलिप बौडेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० नंतरच्या दशकात केलेल्या प्रयोगांत घर्षणजन्य उष्णता व द्रव्याचा वितळबिंदू यांचे महत्त्व दाखवून दिले. पुढील संशोधनात सूक्ष्म कर्तनाचा वाटाही मोठा असल्याचे आढळून आले. रंगलेपाच्या बाबतीत दोन्ही बाबी लक्षात घ्याव्या लागतात. अपघर्षकाचे कण लेप कापतात आणि त्याच वेळी घर्षणाने लेप तापून मऊ होतो. लेपातील बहुवारिक द्रव्य उष्णतेचे मंदवाहक असल्याने यंत्र एकाच जागी फिरत राहिल्यास तेथील लेप काही क्षणांत करपतो.

गुळगुळीत पृष्ठावरून प्रकाशाचे नियमित परावर्तन होते व त्यात भोवतालच्या वस्तूंची रेखीव प्रतिमा दिसते. पृष्ठावर ओरखडे असल्यास काही प्रकाश इतस्ततः विखुरतो. ओरखडे पुरेसे रुंद असतील, तर ते सुटे दिसतात. अतिशय बारीक व दाट असतील, तर डोळ्यांना ते वेगळे न दिसता सर्वत्र दुधाळ धूसरपणा जाणवतो. उन्हात वा दिव्याखाली गाडी पाहिली असता प्रकाशबिंदूभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात. त्यावरून ओरखडे गोलाकार पडले आहेत, असा समज होतो. प्रत्यक्षात ते सर्व दिशांना पडलेले असतात. प्रकाशबिंदूच्या प्रतिबिंबाभोवती साधारणपणे स्पर्शरेषेच्या दिशेने असलेलेच ओरखडे डोळ्यांकडे प्रकाश परावर्तित करीत असल्याने तेवढेच उठून दिसतात व त्यांचे वर्तुळ भासते. दिवा हलविला की वर्तुळही हलते, हा त्याचा सोपा पडताळा होय. काळ्या व गडद रंगांवर हा दोष अधिक जाणवतो. पांढऱ्या व रुपेरी रंगांवर तो लपतो.

बग्गीपासून नायट्रोसेल्युलोजपर्यंत : आरंभीच्या मोटारी घोड्यांच्या बग्ग्यांप्रमाणेच रंगविल्या जात. जवसाच्या तेलापासून केलेले रंग व रोगणे यांचे अनेक थर एकावर एक देत. प्रत्येक थर वाळल्यावर पमीस दगडाची पूड व पाणी यांनी हाताने घासत. या कामाला कित्येक आठवडे लागत. फोर्ड कंपनीने १९१४ ते १९२५ या काळात आपली ‘मॉडेल टी’ ही गाडी केवळ काळ्या रंगात विकली, त्यामागे लवकर वाळणारे काळे भट्टी-एनॅमल हे एक प्रमुख कारण सांगितले जाते.

ही अडचण नायट्रोसेल्युलोज लॅकरने दूर केली. अमेरिकेतील डू पाँट कंपनीने जनरल मोटर्सच्या सहकार्याने विकसित केलेले ‘ड्यूको’ हे लॅकर १९२४ सालच्या ओकलंड मोटारींवर निळ्या रंगात वापरले गेले. केवळ द्रावक उडून गेल्याने ते वाळत असल्याने आठवड्यांचे काम तासांवर आले. मात्र फवाऱ्यातून बाहेर पडलेले लॅकर वाळल्यावर निस्तेज व किंचित खरबरीत दिसे. घासल्यावरच त्याला चकाकी येई. अशा रीतीने झिलई हा रंगकामाचा अखेरचा आवश्यक टप्पा बनला. त्यासाठी ‘रबिंग कंपाउंड’ हे लगदावजा मिश्रण प्रचारात आले. लॅकरचे अनेक थर दिलेले असल्यामुळे घासण्यास पुरेशी जाडी उपलब्ध असे. ‘ड्यूको’ हे व्यापारी नाव पुढे भारतीय दुरुस्ती कारखान्यांत सामान्यनामच झाले व कोणत्याही कंपनीच्या नायट्रोसेल्युलोज रंगास ते लावले जाऊ लागले.

अपघर्षके व यंत्रे : लॅकरबरोबर अपघर्षकांतही प्रगती झाली. एडवर्ड ॲचिसन यांनी १८९१ मध्ये विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड तयार केले. त्यानंतर काही वर्षांतच बॉक्साइट वितळवून कृत्रिम कुरुविंद मिळविण्यात यश आले. फ्रान्सिस ओकी यांनी १९२१ च्या सुमारास पाण्यात न भिजणारा घासकागद तयार केला. तोवर मोटारी कोरड्याच घासल्या जात व शिसेयुक्त रंगांची धूळ कामगारांच्या फुप्फुसांत जाई. ओल्या घासकामामुळे धूळ खाली बसू लागली. मिस्त्री ज्याला ‘वॉटरपेपर’ म्हणतात तो हाच कागद होय. भारतात सहाणचाकांचे उत्पादन १९४१ मध्ये रायगड जिल्ह्यातील उरणजवळ मोरा येथे सुरू झाले. पुढे त्या उद्योगाचे ग्राइंडवेल नॉर्टन या कंपनीत रूपांतर झाले. मद्रास येथे १९५४ मध्ये कार्बोरंडम युनिव्हर्सल ही कंपनी स्थापन झाली.

हातात धरावयाच्या विद्युत् छिद्रण यंत्रापासून झिलई यंत्र विकसित झाले. पहिल्या प्रकारात तबकडी एकाच आसाभोवती फिरते व तिच्यावर मेंढीच्या लोकरीची गादी बसवितात. तबकडीच्या कडेचा वेग मध्यापेक्षा पुष्कळ अधिक असल्याने हे यंत्र झपाट्याने कापते. पण शिकाऊ हातात ते लेपावर कमानदार झळाळते पट्टे उमटविते व कडांवरचा रंग पार धातूपर्यंत उडविते. स्पंज रबरासारख्या बहुवारिक फेसाच्या गाद्या आल्यावर हा धोका काहीसा कमी झाला. दुसऱ्या प्रकारात तबकडी स्वतःभोवती मोकळी फिरता फिरता काही मिमी. व्यासाच्या लहान वर्तुळातही सरकते. त्यामुळे कोणताही कण एकाच मार्गाने पुन्हा पुन्हा जात नाही व उष्णताही एका जागी साठत नाही. हे यंत्र सावकाश कापते. फार दाबल्यास तबकडीचे फिरणे थांबते. २०१० नंतरच्या दशकात अधिक लांब सरकणाऱ्या यंत्रांमुळे या प्रकाराचा प्रसार झपाट्याने झाला.

भारतातील वाटचाल : भारतीय मोटार उद्योगाच्या आद्य प्रवर्तकांपैकी वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांचा जन्म सोलापूर येथे झाला. त्यांनी १९४४ मध्ये मुंबईस प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिचा कारखाना कुर्ला येथे होता. प्रथम अमेरिकन बनावटीच्या व नंतर इटलीतील फियाट कंपनीच्या सहकार्याने गाड्यांची निर्मिती झाली. फियाट ११०० या मालिकेतील गाडीस १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. या गाडीचे उत्पादन विसाव्या शतकाच्या अखेरीस बंद पडले, तर मुंबईच्या रस्त्यांवरील तिची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली.

याच काळात मुंबई हे रंगलेप उद्योगाचे मोठे केंद्र बनले. लोअर परळ येथे १९२० मध्ये सुरू झालेला गहागन पेंट्स हा कारखाना पुढे गुडलास नेरोलॅक व त्यानंतर कन्साई नेरोलॅक या नावांनी ओळखला गेला. १९४२ मध्ये एशियन पेंट्सची स्थापना झाली. परवाना पद्धतीच्या काळात नवी गाडी मिळण्यास कित्येक वर्षे थांबावे लागे. साहजिकच आहे ती गाडी दशकानुदशके टिकविण्याकडे लोकांचा कल असे. पोचे काढणे, लांबी भरणे, अस्तर देणे, ड्यूको फवारणे व शेवटी रबिंग-पॉलिश करणे ही कामे करणारे मिस्त्री गावोगावच्या दुरुस्ती कारखान्यांत तयार झाले. हे शिक्षण उस्तादाच्या हाताखाली होई. उन्हाने रंगाचे पृष्ठ खडूसारखे भुरभुरीत झाले, की तो मृत थर घासून काढल्यावर खालचा ताजा रंग वर येई.

या पद्धतीत कारागिराला एक खात्रीची खूण मिळत असे. रंगद्रव्य वरच्या थरातच असल्याने लाल गाडी घासताना फडके लाल होई, निळी घासताना निळे. फडक्यावर उतरलेल्या रंगावरून किती लेप गेला, याचा अंदाज येई व अस्तराची छटा दिसू लागण्यापूर्वी हात थांबे. चुकलेच, तर त्याच लॅकरचा आणखी एक थर देणे फार खर्चाचे नसे.

पारदर्शक लेपाचा काळ : धातूच्या चकत्यांचा चमचमाट असलेल्या रंगांनी ही स्थिती पालटली. अशा रंगाचा एकच थर असल्यास घासताना वरच्या ॲल्युमिनियम चकत्या उघड्या पडून काळवंडत व रंगाची छटा बदले. म्हणून रंगाचा थर पातळ ठेवून त्यावर रंगद्रव्यविरहित पारदर्शक लेप देण्याची पद्धती प्रथम पश्चिम यूरोपात व १९८० नंतर जगभर रूढ झाली. भारतात मारुती उद्योगाची पहिली गाडी डिसेंबर १९८३ मध्ये बाहेर पडली आणि त्यानंतर आलेल्या नव्या गाड्यांबरोबर ही पद्धती येथेही पसरली.

कारखान्यात दिलेल्या सर्व लेपांची एकूण जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन (१ मायक्रॉन = मीटरचा दहा लाखावा भाग) असते. त्यांपैकी पारदर्शक लेप सामान्यतः ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ असतो. झिलईच्या एका फेरीत एक ते काही मायक्रॉन लेप निघतो. आधी वॉटरपेपर वापरल्यास त्याहून अधिक. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण शोषणारी द्रव्ये या लेपात मिसळलेली असल्याने तो जितका झिजेल तितके खालच्या रंगाचे संरक्षण घटते. अतिरिक्त झिजलेला लेप काही वर्षांनी पापुद्रे धरून सुटतो. तशा पृष्ठावर झिलई व्यर्थ असते. तो भाग नव्याने रंगवावाच लागतो.

पारदर्शक लेपामुळे कारागिराची जुनी खूण नाहीशी झाली. गाडी कोणत्याही रंगाची असली, तरी गादीवर पांढुरकाच राप येतो आणि लेपाचा तळ जवळ आल्याचे डोळ्यांना कळत नाही. त्या जागी चुंबकीय प्रवर्तन वा आवर्त प्रवाह या तत्त्वांवर चालणारे जाडीमापक आले. परंतु ही सर्वसाधारण उपकरणे सर्व थरांची मिळून जाडी दाखवितात, पारदर्शक लेपाची वेगळी दाखवीत नाहीत. पूर्वी दुरुस्त केलेल्या भागावर लांबीचा जाड थर असल्यास मोठा आकडा दिसतो व त्यावर विसंबणारा कारागीर फसतो. म्हणून एका कोपऱ्यात लहानशी जागा घासून पाहणे, सर्वांत सौम्य मिश्रणाने सुरुवात करणे व दोष तेवढ्याने न गेल्यासच पुढे जाणे, हा क्रम या व्यवसायात मान्य झाला आहे.

सोलापूर परिसर : सोलापूर शहर पुणे–हैदराबाद महामार्गावर असून विजापूर व धुळ्याकडे जाणारे मार्गही तेथून जातात. त्यामुळे वाहनांची देखभाल हा तेथील जुना व्यवसाय आहे. जिल्हा अवर्षणप्रवण असून एप्रिल–मे महिन्यांत दिवसाचे तापमान ४०° से.च्या वर जाते. उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहूनही बराच तापतो. येथील जमीन दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून झालेली आहे. या खडकातील फेल्स्पार व पायरोक्सीन ही खनिजे रंगलेपापेक्षा पुष्कळ कठीण असतात. धूळ बसलेली गाडी सकाळी कोरड्या फडक्याने पुसली, की हेच कण अपघर्षकाचे काम करतात. रोज थोडे थोडे पडणारे हे ओरखडे वर्षभरात जाळ्यासारखे दिसू लागतात. विहिरी व कूपनलिका यांच्या दुष्फेन (जड) पाण्याने गाडी धुऊन ती उन्हातच वाळू दिली, तर कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या लवणांचे पांढरे ठिपके लेपावर बसतात. ते वेळीच न निघाल्यास घासूनच काढावे लागतात. पाण्याच्या टंचाईमुळे कोरडे पुसणे भाग पडते व त्यातून झिलईची गरज वाढते, असा हा परस्परसंबंध आहे.

पुसण्याच्या कापडाच्या दृष्टीनेही सोलापूरचा या विषयाशी संबंध येतो. येथे १८७७ मध्ये पहिली कापड गिरणी निघाली. पुढे हातमाग व यंत्रमाग यांवर चादरी व टेरी टॉवेल यांचा मोठा उद्योग उभा राहिला. सोलापुरी चादर व सोलापुरी टेरी टॉवेल या दोहोंची भौगोलिक निर्देशांक म्हणून नोंद झालेली आहे. टेरी विणीत ताण्याचे दोन संच असतात. एक ताठ राहतो; दुसरा सैल सोडल्याने त्याचे फासे कापडाच्या पृष्ठावर उभे राहतात. मिश्रणाचा राप व धूळ या फाशांच्या मधल्या जागेत शिरते व पृष्ठावर घासली जात नाही. म्हणून झिलईनंतर पुसण्यासाठी सपाट विणीच्या कापडापेक्षा सुती टेरी टॉवेल पसंत केला जाई. जपानमधील टोरे कंपनीने १९७० मध्ये अतिसूक्ष्म संश्लेषित तंतूंचे कापड बाजारात आणले. पुढे पॉलिएस्टर व पॉलिॲमाइड यांच्या चिरलेल्या सूक्ष्म तंतूंचे टॉवेल तयार होऊ लागले व झिलईच्या अखेरच्या टप्प्यात त्यांनी सुती टॉवेलाची जागा बरीचशी घेतली. चाके, पायदाने व आतील भाग पुसण्यासाठी सुती कापड अद्यापि वापरले जाते.

आरोग्य व मर्यादा : जुन्या मिश्रणांतील ट्रिपोली वगैरे चूर्णांत स्फटिकी सिलिका असे व तिची कोरडी धूळ दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास सिलिकामयता हा फुप्फुसांचा असाध्य रोग होतो. द्रावकांची वाफ, यंत्राचा आवाज व हातांना बसणारे हादरे हेही या व्यवसायातील धोके होत. मुखपट्टी, वायुवीजन व ओले काम यांनी ते कमी करता येतात. लहान कारखान्यांत या उपायांची उपेक्षा होते.

अलीकडे सिलिकायुक्त संरक्षक लेप व पारदर्शक बहुवारिक पटल गाडीवर चढविण्याची पद्धती वाढली आहे. हे उपाय ओरखडे काही प्रमाणात टाळतात. मात्र आधीचे ओरखडे तसेच राहिल्यास ते खाली दिसत राहतात, म्हणून त्यापूर्वी झिलई करावीच लागते. खोल ओरखडा पूर्णपणे काढण्यासाठी भोवतालचा सर्व लेप त्याच्या तळापर्यंत उतरवावा लागतो. अशा वेळी अनुभवी कारागीर ओरखड्याच्या कडा केवळ बोथट करून तो नजरेआड करतात व लेप राखतात. नखाला लागणारा ओरखडा झिलईने काढू नये, हा व्यवसायातील संकेत याच कारणाने रूढ झाला आहे. पुरेसे पाणी वापरून धूळ आधी वाहून जाऊ देणे, सावलीत धुणे व स्वच्छ, मऊ कापडाने पुसणे यांमुळे झिलईची पाळी उशिरा येते आणि गाडीचा मूळ लेप अधिक काळ टिकतो.